झाकण मिटलं तरी जागं राहा

आमच्या गल्लीत घरांना नंबर नाहीत.
रोसामेल कार्कामो कुठे राहतो असं कुणी विचारलं
तर लोक सांगतात, पिवळ्या पत्र्याचं घर,
दारात होडी उलटी पडलीय ते.
अशा घरात परवा मी एका यंत्राला
कायमचा पत्ता दिला.
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, वीस.

यंत्र कसलं, पुतणीचा शाळेतला लॅपटॉप.
बिजागरी तुटलेली, ‘एन्ये’ची कळ गायब,
पडद्यावर हिरवट डाग, शेवाळ धरल्यासारखा.
यास्ना पुएर्तो मोंतहून फोनवर सांगत होती,
माझा चष्मा कपाळावर, नाकावर, पुन्हा कपाळावर.
“काका, आता एंटर.”
“मारला.”
“काय म्हणतंय?”
“परवानगी नाही म्हणतंय.”
तीस वर्षं दालकावेच्या फेरीवर मी तिकिटं फाडली.
परवानगी नाही हे म्हणायचं काम माझं होतं.

हे सगळं एदेलमीराच्या बटाट्यांपायी.
दर हंगामात ती प्रत्येक वाणाचा एकेक बटाटा
मधोमध चिरून त्याचा फोटो काढते,
जांभळा, कडेला पांढरा, आत ढगासारखं काहीतरी.
असे चार हजार. त्यातच लग्नं, बारशी, माझं ऑपरेशन.
मग कंपनीचं पत्र आलं: जागा भरली,
दरमहा पैसे भरा.
ती हात पुसत म्हणाली,
“माझे बटाटे मी दुसऱ्याच्या तळघरात का ठेवू?”

फोटो उतरायला तीन रात्री लागल्या.
हे घर खाडीपलीकडून इथे आणलं
त्याला एकच दिवस लागला होता,
ओंडके, दोर, बैलांच्या अकरा जोड्या,
आणि चाळीस माणसांना पुरेल एवढा रस्सा.
या वेळी रस्सा दोघांपुरता.

आधी चुलीवरच्या फळीवर ठेवला तर पंखा हंबरायला लागला.
मग कोठीत, बटाट्यांच्या पोत्यांपाशी.
तिथे थंड आहे, पण ओल फार,
म्हणून खाली एक फरशी, वर जुनं घमेलं.
आणि शेवटचं शिकवायचं राहिलं होतं:
झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो.
त्याला एका ओळीत लिहून सांगावं लागतं,
मिटलं तरी जागं राहा.
एदेलमीरा म्हणाली, “तुझ्या आईसारखं.”
खरंय. डोळे मिटलेले, पण मी किती वाजता आलो
ते तिला पायरीच्या आवाजावरून कळायचं.

जूनमध्ये वादळ झालं. वीज गेली, टॉवर गेला.
लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चाळीस मिनिटं टिकला,
मग मी होडीची बॅटरी काढून आणली
आणि राउटरलाही तिलाच जुंपलं.
शेजारी चुलीपाशी ऊब घ्यायला आले,
मोबाइल उंच धरून रेंज शोधत.
साऱ्या बेटावर एकच नाव दिसत होतं: ‘स्वयंपाकघर’.
पासवर्ड सांगताना एदेलमीरा लाजली.
तो तिच्या आवडत्या बटाट्याचं नाव आहे.

एराक्लियो कोपऱ्यात बसून बोट सरकवत होता.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग घर ओढतानाच्या त्या फोटोवर थांबला,
दोन बोटांनी मोठा केला, अजून मोठा,
इतका की फक्त ठिपके उरले.
“हा कोलोरादो,” म्हणाला. “माझा उजवीकडचा.”
बैल जाऊन चोवीस वर्षं झाली.
त्याच्याकडे त्याचा एकही फोटो नव्हता,
आणि आमच्याकडे आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

यास्ना रागावते, एकच प्रत म्हणजे प्रत नव्हेच.
म्हणून आता महिन्याच्या पहिल्या रविवारी
मी एक डिस्क घेऊन खाडीपलीकडे जातो.
एराक्लियो ती बिस्किटांच्या डब्यात ठेवतो,
डबा फडताळात,
आणि फडताळ घरात असूनही
डब्यावर एक दगड.
“वारा अजून यायचाय,” म्हणतो.